साठ मिनिटांचा राजपुत्र

रबाळे स्थानकात लोकलची वाट पाहताना मोबाइलवर खेळणाऱ्यांना ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ आज कसा वाटेल?

जॉर्डन मेकनर यांनी १९८९ साली ॲपल टू संगणकासाठी हा खेळ आणला. धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्यांनी चित्रीकरण केलं आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली रेखाटल्या. म्हणूनच कठड्याला लोंबकळणारा तो पांढऱ्या कपड्यांतला गडी अजूनही जिवंत वाटतो.

खटकतो तो संथपणा. कळ दाबली की लगेच उडी नाही. पाऊल आधीच मोजावं लागतं. चुकलात, की खाली सुळे! वर राजकन्येला सोडवायला तासाभराचीच मुदत.

याच मालिकेतल्या २००३ च्या ‘सँड्स ऑफ टाइम’चं नवं रूप घडवण्याचं काम २०२० मध्ये युबिसॉफ्ट या खेळ बनवणाऱ्या कंपनीच्या पुणे-मुंबईतल्या स्टुडिओंकडे होतं. २०२२ मध्ये ते काम माँट्रियलला गेलं.