लशीचे भय आणि पुराव्याची पारख
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



तान्ह्या मुलाला सुई टोचायची म्हटले की आईचा जीव खालीवर होतो. त्यात कोणी ऐकीव गोष्ट सांगितली की पाऊल दवाखान्याकडे वळत नाही. अशा आईला अडाणी म्हणून हिणवणे मला मान्य नाही. शंका घेणे हा गुन्हा नव्हे. तिचा छडा न लावता ती चार घरी सांगत सुटणे मात्र घातक आहे.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. डॉ. हाफकिन यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे पुष्कळांनी ती घेतली. परंतु १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचली आणि त्यांतले १९ जण धनुर्वाताने दगावले. माणसे खरोखरच गेली होती. मग लोकांचे भय खोटे कसे म्हणावे? हाफकिन यांच्यावर ठपका आला, त्यांना पदावरून दूर व्हावे लागले.

पण ते १९ ही जण एकाच बाटलीतून टोचलेले होते. त्याच दिवशी इतर बाटल्यांतून टोचलेल्यांपैकी कोणालाच धनुर्वात झाला नाही. ती बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, असे चौकशीत पुढे आले. १९०७ साली रोनाल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांनी हाफकिन यांची बाजू जाहीरपणे मांडली. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला त्यांचेच नाव देण्यात आले.

यातून आपण काय घ्यावे? पहिले, अपघात लपवू नये, त्याचे कारण शोधावे. सुई नवी आहे ना, हे आपणही विचारावे. दुसरे, लशीनंतर काही घडले म्हणजे ते लशीमुळेच घडले, असे नव्हे. लस घेतलेली आणि न घेतलेली मुले शेजारी ठेवून पाहावी लागतात. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या लशीने स्वमग्नता येते, असा संशय १९९८ साली इंग्लंडात अवघ्या १२ मुलांवरून उठला. तो लेख २०१० साली मागे घेतला गेला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांची पाहणी झाली. तिचा निष्कर्ष २०१९ साली आला : लस घेतलेल्यांत स्वमग्नतेचे प्रमाण वाढलेले नाही.

लशीने ताप येतो, जागा सुजते. क्वचित तीव्र प्रतिक्रियाही येते, म्हणूनच अर्धा तास थांबायला सांगतात. पण गोवराने मूल दगावते, हेही त्याच तराजूत घालावे. भगिनींनो, भाजी घेताना आपण दोन्ही पारडी पाहतो. मुलांच्या बाबतीत एकच पारडे पाहून कसे चालेल?