घरपट्टीचा दर: सहा टक्के की दहा टक्के?

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



काल याच मंचावर भावगीतं झाली आणि आज मी घरपट्टीवर बोलणार आहे. त्यामुळे मागच्या खुर्च्या रिकाम्या दिसल्या तर मी वाईट वाटून घेणार नाही. मी राज्य शासनाच्या नोकरीत आहे, स्थापत्यचा डिप्लोमा केलेला माणूस. नगर निगमात मी नाही. आज बोलतोय तो आपल्यासारखाच एक करदाता म्हणून. टेप धरून मोजमापं घेण्यात वीस वर्षं गेली, तेवढाच काय तो माझा अधिकार.

आधी एक साधी गोष्ट. आपलं मंडळ वर्गणी कशी ठरवतं? मूर्ती, मांडव, प्रसाद, वीज, सगळ्याचा अंदाजे खर्च काढतो आणि घरांच्या यादीवर वाटतो. यादीतली दहा घरं गळली तर खर्च कमी होत नाही, उरलेल्या घरांची वर्गणी वाढते. शहराची घरपट्टी याहून वेगळी नाही. फरक इतकाच, की मंडळाची यादी आपण सगळे बघतो आणि शहराची यादी कुणी बघत नाही.

आपल्या बुऱ्हाणपूरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत २,१०,८८६ होती. मोठे कारखाने नाहीत. लालबागची ताप्ती मिल कोरोनाच्या काळात थांबली. राहिले पॉवरलूम, दुकानं आणि आपली घरं. रेल्वे, पोस्ट यांच्यासारख्या केंद्र सरकारच्या मालमत्तेवर घटनेच्या कलम २८५ मुळे कर लावता येत नाही. म्हणजे शहराचा भार येतो तो मुख्यतः आपल्या उंबरठ्यावर.

पूर्वी असं नव्हतं. इथे बसलेल्या काका मंडळींना चुंगीनाके आठवत असतील. शहरात येणाऱ्या मालावर चुंगी लागायची आणि ती थेट गावाच्या तिजोरीत जायची. १९७६ मध्ये मध्य प्रदेशानं चुंगी बंद करून प्रवेश कर आणला आणि शहरांना भरपाई म्हणून ‘चुंगी क्षतिपूर्ती’ सुरू केली. नाक्यावरची कटकट गेली, चांगलं झालं. पण तेव्हापासून शहराचा पैसा भोपाळहून येतो. तो किती येणार आणि केव्हा येणार, हे शहराच्या हातात नाही. शहरानं स्वतः ठरवायचा आणि स्वतः वसूल करायचा मोठा कर म्हणजे संपत्ती कर, आपली घरपट्टी.

आता दराकडे येतो. १९५६ च्या आपल्या नगरपालिक निगम अधिनियमात १९९७-९८ पासून अशी तरतूद आहे, की वार्षिक भाडेमूल्याच्या सहा टक्क्यांहून कमी नाही आणि दहा टक्क्यांहून जास्त नाही, असा दर निगमानं दर वर्षी ठरवावा. भाडेमूल्य म्हणजे आपण प्रत्यक्ष घेतो ते भाडं नव्हे. बांधकामाचं क्षेत्रफळ गुणिले दर चौरस फुटाचा ठरलेला आकडा. हा आकडा घर कोणत्या परिक्षेत्रात आहे, पक्कं आहे की कच्चं, राहण्यासाठी आहे की धंद्यासाठी, यावर बदलतो. मालक स्वतः राहत असेल तर निम्मी सूट मिळते.

एक हिशेब करू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. घर १,००० चौरस फूट, भाडेमूल्य वर्षाला चौरस फुटाला १२ रुपये. झाले १२,०००. स्वतः राहतो म्हणून निम्मे, ६,०००. सहा टक्क्यांनी कर ३६० रुपये, दहा टक्क्यांनी ६००. म्हणजे कायद्यातला सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त दर यांत फरक वर्षाला २४० रुपये, महिन्याला २०. आणि या २० रुपयांसाठी सभागृहात तास-तासभर घोषणा होतात.

आता याच गल्लीतला दुसरा मालक घ्या. त्यानं वरचा मजला चढवला, पण फॉर्ममध्ये जुने ६०० फूटच लिहिले. त्याचे ६०० गुणिले १२ म्हणजे ७,२००, निम्मे ३,६००, दहा टक्क्यांनी ३६० रुपये. म्हणजे प्रामाणिक माणूस सहा टक्क्यांनी जेवढं भरेल, तेवढंच हा दहा टक्क्यांनी भरतो. मंडळी, मला आज एवढंच सांगायचं आहे. दर सभागृहात ठरतो असं आपण समजतो, पण खरा दर आपल्या टेपवर ठरतो. लपवलेला प्रत्येक फूट शेजाऱ्याचा दर वाढवतो.

आपल्याकडे स्वनिर्धारण आहे, फॉर्म आपणच भरतो. कायद्यानं इथे माणुसकी ठेवली आहे. मोजणीत दहा टक्क्यांपर्यंतचा फरक सोडून दिला जातो. त्याहून जास्त निघाला तर फरकाच्या पाचपट दंड आहे. मोजमापात एखाद-दुसरा फूट इकडेतिकडे होतोच, पण अख्खा मजला होत नाही.

गेल्या काही वर्षांत आणखी एक बदल झाला, तो नीट समजून घ्यायला हवा. २०२० मध्ये केंद्रानं राज्यांना जादा कर्ज काढू देताना शहरांसाठी अट घातली, की मालमत्ता कराचे किमान दर जमिनीच्या सरकारी दराशी जुळणारे असावेत. ती अट पूर्ण करणाऱ्या पहिल्या दोन राज्यांत आंध्र प्रदेशाबरोबर आपला मध्य प्रदेश होता आणि आपल्याला २,३७३ कोटींची जादा कर्जमर्यादा मिळाली. त्यासाठी भाडेमूल्य कलेक्टर गाईडलाईनशी जोडलं गेलं. पुढे पंधराव्या वित्त आयोगानंही शहरांच्या अनुदानासाठी असंच सांगितलं: किमान दर जाहीर करा आणि वसुली राज्याच्या उत्पन्नाच्या वेगानं वाढवा.

यात अडचण कुठे आहे? शनवारा किंवा राजपुऱ्यातल्या जुन्या घरात एखादी मावशी एकटी राहते. बाहेर रस्ता रुंद झाला, दुकानं आली, गाईडलाईन वाढली. मावशीची पेन्शन त्या हिशेबानं वाढली नाही. घर विकायचं नाही, तर वाढलेल्या भावाचा तिला उपयोग काय? भाडेमूल्य गाईडलाईनबरोबर वर जाणार असेल, तर सहा ते दहा हा टक्का हाच शहराच्या हातातला ब्रेक आहे. पण तो दाबायची हिंमत निगमाला केव्हा होईल? यादी पूर्ण असेल तेव्हाच. अर्धी घरं अर्धीच लिहिलेली असतील, तर उरलेल्यांकडून दहा टक्के घेण्यावाचून इलाज राहत नाही, आणि त्यात मावशी सापडते.

दुसरा प्रश्न आपल्या गावाचा खास. खाली चार लूम, वर संसार. हे घर की कारखाना? सगळं व्यावसायिक धरलं तर आधीच मंदीत असलेला विणकर बुडतो. सगळं निवासी धरलं तर शेजारचा नोकरदार त्याचा वाटा भरतो. माझं मत असं, की घरगुती लूमसाठी वेगळा, मधला दर सभागृहानं उघडपणे मंजूर करावा. ठरावानं दिलेली सवलत सगळ्यांना मिळते, टेबलावर मिळालेली ओळखीच्यालाच.

सवलत देणं चूक नाही. आपली मुलं पुण्यात आहेत, त्यांना ठाऊक आहे. तिथे स्वतः राहणाऱ्या मालकांना १९७० पासून ४० टक्के सवलत होती, मध्यंतरी बंद झाली आणि २०२३ मध्ये परत मिळाली. लोकांनी ती मागितली, कारण ती काय आहे हे त्यांना माहीत होतं.

१६१५ मध्ये अब्दुल रहीम खानखानाच्या काळात झालेल्या कुंडी भंडाऱ्यातून पाणी उतारानं आपोआप शहरात यायचं. आजचं पाणी पंपानं चढतं, त्याला विजेचं बिल येतं. २०२२ मध्ये आपला जिल्हा देशातला पहिला ‘हर घर जल’ प्रमाणित जिल्हा झाला, अभिमानाची गोष्ट आहे. पण ती योजना गावांसाठी. शहराच्या नळाचा, नालीचा, दिव्याचा खर्च शहरालाच भागवायचा आहे.

मग आपण काय करायचं? तीन गोष्टी सुचवतो.

पहिली, मोजणी. विसर्जनानंतरच्या एका रविवारी मंडळाच्या तरुणांनी टेप घेऊन ज्येष्ठांच्या घरी जावं, क्षेत्रफळ मोजून फॉर्म भरून द्यावा. मी स्वतः येईन.

दुसरी, नामांतरण. कितीतरी घरं अजून आजोबांच्या नावावर आहेत, वाटण्या झाल्या, पावती मात्र जुनीच. घरपट्टीची पावती हा मालकीचा पुरावा नव्हे, पण नाव चुकीचं असलं की नोटीस भलत्यालाच जाते आणि थकबाकी भावाभावांत भांडण लावते. हे काम वडीलधारी माणसं असतानाच उरकावं.

तिसरी, मागणी. आपल्या पार्षदांना वर्षातून एकदा विचारूया: आमच्या वॉर्डात किती घरं यादीत आहेत, मागणी किती, वसुली किती? हे तीन आकडे वॉर्डात फळ्यावर लिहा. आणि वाढ करायचीच असेल तर दर वर्षी थोडी करा. दहा वर्षं झोपून एकदम नको.

‘दर कमी करा’ असं म्हणायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. पण ते म्हणताना आपल्या फॉर्मवरचे फूट खरे असावेत, म्हणजे आवाजात जोर येतो. मंडळाची वर्गणी आपण न मागता आणून देतो, कारण हिशेब शेवटच्या दिवशी इथेच भिंतीवर लागतो. शहराचाही तसा लागावा आणि आपणही तसे भरावं, एवढंच मागणं.

 गणपती बाप्पा मोरया!