कष्ट कोणासाठी?



मुंबईच्या गिरणीत राबणारा कोकणातला, घाटावरचा माणूस खानावळीत जेवे, दाटीच्या खोलीत पाळीपाळीने झोपे आणि घरी मनिऑर्डर पाठवी. कष्ट घरासाठी, याचा त्याला विसर पडला नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला. कित्येकजण गावी परतले. तेव्हा मागे राहून शेत सांभाळणाऱ्या घरच्या बाईने, म्हाताऱ्या आईबापांनी त्यांच्या ताटात भाकरी वाढली. घर एकट्याच्या कमाईवर उभे नसते. देवळाच्या पाटीवर देणगीदाराचे नाव कोरले जाते. त्यामागे घरच्या साऱ्यांचे कष्ट असतात. नाव वाचताना त्यांचेही स्मरण राहो, हीच श्रींच्या चरणी प्रार्थना.