मोठ्याने नको, स्पष्ट बोला

आज इअरफोनचा आवाज जरा कमी ठेवा, विषयच तसा आहे.

समोरच्याला कळलं नाही की आपण काय करतो? तेच वाक्य ओरडून सांगतो. मग आजी वैतागते, "ओरडू नकोस गं, ऐकू येतंय. काय म्हणतेस ते कळत नाहीये." मला वाटतं, आजीचं अगदी बरोबर आहे.

वय वाढतं तसे बहुतेकांच्या कानातून आधी उंच पट्टीतले बारीक आवाज निसटतात. स, श, फ, त यांसारखी व्यंजनं तिथेच हरवतात. स्वर ऐकू येतात, म्हणजे आवाज पोचतो, पण शब्द अर्धाच. भाजी 'सात'ची की 'साठ'ची, हे शेवटच्या व्यंजनावर ठरतं ना? आणि ओरडलं की स्वरांचा जोर वाढतो, व्यंजनांचा तितका वाढत नाही.

१९८५ साली अमेरिकेत पिचेनी, डर्लाक आणि ब्रेडा या संशोधकांनी कमी ऐकू येणाऱ्या ५ जणांना वाक्यं ऐकवली. काही नेहमीसारखी बोललेली, काही मुद्दाम स्पष्ट बोललेली. वाक्यांना अर्थ नव्हता, त्यामुळे अंदाजाने ओळखणं अवघड. तरी स्पष्ट बोलण्यातले शब्द शंभरामागे सरासरी १७ जास्त ओळखले गेले.

आता लहान मुलं. त्यांचे कान तर चांगले असतात! पण गोंगाटातून बोलणं वेगळं काढायची क्षमता अगदी किशोरवयापर्यंत घडत असते. शिवाय शब्दसंग्रह कमी, म्हणून निसटलेला शब्द आपल्यासारखा अंदाजाने भरता येत नाही. २००३ मध्ये ब्रॅडलो, क्रॉस आणि हेज यांनी गोंगाटातलं बोलणं मुलांना ऐकवलं. शिकण्यात अडचण असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही मुलांना स्पष्ट बोलणं जास्त कळलं. म्हणजे वर पंखा घरघरतोय, बाहेर हॉर्न वाजतायत, आणि आपण मुलाला म्हणतो, "लक्ष कुठंय तुझं?" लक्ष असेलही. वाक्यच पोचलं नसेल.

मग करायचं काय? समोर येऊन, चेहरा दिसेल असं बोला. शब्दाचं शेपूट गिळू नका. एकेक अक्षर तोडू नका, अर्थाच्या तुकड्यानंतर किंचित थांबा. तरी कळलं नाही, तर शब्द बदला: "साठ, म्हणजे पन्नास आणि दहा."

हा कानावरचा इलाज नाही हं. घरात टीव्हीचा आवाज वाढतच चालला असेल, किंवा मूल पुन्हा पुन्हा "काय?" विचारत असेल, तर कान तपासून घ्या. पण तपासणी होईपर्यंत, आणि नंतरही, माणसाला संभाषणात धरून ठेवणं आपल्या हातात आहे. "जाऊ दे, काही नाही" हे आजीला सगळ्यात स्पष्ट ऐकू येतं.

आज घरी फोन कराल तेव्हा हे करून बघा. आणि मला दीडपट स्पीडवर ऐकत असाल, तर शेवटची दोन मिनिटं तरी साध्या स्पीडवर ऐका! भेटू पुढच्या भागात.