दुरुस्ती आणि बनवाबनवी



जुनी लष्करी मनगटी घड्याळं जमवणाऱ्यांच्या तोंडी एक नाव हमखास असतं: ‘डर्टी डझन’. हे नाव 1967 च्या सिनेमावरून पडलं. घड्याळं त्याच्या बरीच आधीची. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारला सैन्यासाठी एका साच्याचं घड्याळ हवं होतं. काळी डायल, ठसठशीत इंग्रजी आकडे, अंधारात चमकणारे काटे, सहाच्या जागी सेकंदाची छोटी डायल, 15 ज्वेलचं मशीन आणि पाण्याला दाद न देणारी केस, अशा अटी होत्या. ओमेगा, लाँजिन, आयडब्ल्यूसी, सायमा, व्हर्टेक्स, ग्राना अशा 12 नावांनी ही घड्याळं तयार झाली. ती हाती पडली 1945 मध्ये आणि युरोपातलं युद्ध त्याच वर्षीच्या मे महिन्यात संपलं! त्यामुळे यांतल्या बहुतेकांची खरी नोकरी युद्धानंतरच झाली.

असं घड्याळ उलटं करून पाहा. मागच्या झाकणावर ‘डब्ल्यू’ हे अक्षर तीनदा कोरलेलं असतं. म्हणजे ‘वॉच, रिस्ट, वॉटरप्रूफ’. सरकारी भांडारातल्या मालाची नावं अशी उलट्या क्रमानं लिहायची पद्धत होती. शेजारी सरकारी मालकीची खूण म्हणून बाणाचं टोक असतं. खाली दोन क्रमांक, एक कारखान्याचा आणि दुसरा लष्कराचा. लष्करी क्रमांकाच्या आरंभी बहुधा त्या त्या कंपनीचं ठरलेलं अक्षर असतं: ओमेगाचं वाय, लाँजिनचं एफ. पट्टा अडकवायच्या दांड्याही बहुधा केसला पक्क्या जोडलेल्या असतात. ऐन धावपळीत दांडी निसटून घड्याळ चिखलात जायला नको.

आता खरा प्रश्न. संग्राहकाला घड्याळ ‘ओरिजिनल’ हवं असतं. सैन्याला त्याची फिकीर नव्हती; घड्याळ वेळ दाखवतंय एवढं पुरे होतं. लष्करी वर्कशॉपात घड्याळ आलं की हाताशी असेल तो काटा, असेल ती चावी बसवायची आणि परत पाठवायचं. त्यातच रेडियमची भानगड. जुन्या डायलवरचा चमकता रंग रेडियमचा. तो रंग लावणाऱ्या अमेरिकेतल्या कामगार मुली ब्रश ओठांनी टोकदार करायच्या, आणि 1920 च्या दशकात त्यांतल्या कित्येक जणी त्या विषानं गेल्या. रेडियम निम्मं व्हायला सुमारे 1600 वर्षं लागतात. रंगातला चमकणारा पदार्थ मात्र काही वर्षांतच थकतो. म्हणून आज डायल अंधारात काळीठिक्कर दिसते, पण किरणोत्सर्ग जिवंत असतो. अशी केस हौसेखातर उघडू नका, डायल खरवडू तर मुळीच नका. पुढे लष्करानंच अशा कितीतरी डायल काढून ट्रिटियम या कमी घातक पदार्थाच्या बसवल्या. काहींवर तर बनवणाऱ्या कंपनीचं नावसुद्धा नाही.

अशा घड्याळाला नाक मुरडणारे संग्राहक आहेत. मला ते पटत नाही. लष्करानं बदललेली डायल ही त्या घड्याळाच्या सेवापुस्तकातली नोंद आहे. कपाटात पडून राहिलेलं घड्याळ कोरं राहिलं, यात त्याचा पराक्रम कोणता?

मात्र म्हणून काहीही चालवून घ्यायचं नाही. आपल्या मुंबईतून जुन्या एचएमटीच्या, फाव्र-लुबाच्या डायल नव्यानं रंगवून घड्याळं जगभर विकली जातात. परदेशी संग्राहक त्यांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, आणि ते काही कौतुकानं नव्हे. डायल चकचकीत, अक्षरं जाड, आणि अंगावर लष्करी खूण. पण तिला ना हुद्दा, ना क्रमांक. ‘रंगवलेली आहे’ असं सांगून कुणी विकत असेल तर त्या कारागिराच्या हाताला मी दादच देईन. तेच न सांगता विकणं ही फसवणूक.

तेव्हा घड्याळ हाती आलं की ‘किती बदललंय?’ एवढ्यावर थांबू नका. कुणी बदललं, कधी आणि कशासाठी, हे विचारा. चालू राहावं म्हणून बदललेलं घड्याळ खुशाल घ्या. भाव यावा म्हणून बदललेलं दुकानदाराला परत करा.