पिशवीचा गोबरगॅस : ढवळायचे ते पिशवीबाहेर
(शेतकरी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



गोबरगॅस म्हटले की आपल्याला दोन प्रकार आठवतात. एक खादी ग्रामोद्योगचा, तरंगत्या टाकीचा. आणि दुसरा १९८४ सालचा, विटांच्या घुमटाचा दीनबंधू. आज मी तिसऱ्या प्रकाराविषयी बोलणार आहे. हा प्रकार म्हणजे प्लॅस्टिकच्या लांबट पिशवीचे संयंत्र. ते तसे जुनेच आहे. तैवानमध्ये १९६० च्या दशकात अशा पिशव्या वापरात आल्या. पुढे कोलंबिया आणि व्हिएतनाममधील लहान शेतकऱ्यांनी पॉलिथिनच्या नळीपासून अशी संयंत्रे तयार केली. खड्डा उथळ लागतो, घुमट बांधणारा कसबी गवंडी लागत नाही आणि काम एका दिवसात उरकते. म्हणूनच अनेकांना हे संयंत्र हवेसे वाटते.

पण आधी माझी एक चूक सांगतो. मी बसवून दिलेल्या पहिल्या पिशवीला मिश्रण टाकी नव्हती. बादलीत शेण कालवायचे आणि नळीत ओतायचे, एवढीच सोय मी केली होती. चार महिने गॅस उत्तम मिळाला, मग कमी होत गेला. आम्ही गळती शोधत बसलो. खरे कारण वेगळेच होते. शेणाबरोबर गेलेली माती नळीच्या तोंडाशी साचली होती आणि काडीकचऱ्याची जाड साय वर धरली होती. शेवटी घरच्या मंडळींनी नळीतून बांबू घालून गाळ मोकळा करायचा प्रयत्न केला आणि पिशवी फाटली. पिशवी कमजोर नव्हती. चूक माझ्या आराखड्यात होती.

तरंगती टाकी हाताने फिरवली की साय मोडते. पिशवीत मात्र ना काठी घालता येते, ना पंखा बसवता येतो. म्हणून ढवळणे, गाळणे आणि माती वेगळी करणे ही तिन्ही कामे शेणकाला पिशवीत जाण्यापूर्वीच झाली पाहिजेत. आजच्या बोलण्याचे सार एवढेच आहे.

पिशवी केवढी घ्यावी?

पाच मोठी जनावरे असतील तर रोज सुमारे ५० किलो शेण मिळते. त्यात ५० लिटर पाणी मिसळले की साधारण १०० लिटर शेणकाला होतो. तो पिशवीत ४० दिवस राहिला पाहिजे, म्हणजे ४,००० लिटरची जागा झाली. गॅससाठी वर पाचवा हिस्सा मोकळा ठेवायचा, म्हणून एकूण ५ घनमीटरची पिशवी लागेल. एक किलो शेणापासून सुमारे ४० लिटर गॅस धरला, तर रोज २ घनमीटर गॅस मिळेल. पाच-सहा माणसांच्या स्वयंपाकाला तो पुरतो.

सपाट ठेवली असता दीड मीटर रुंद असणारी नळी फुगवली की तिचा व्यास सुमारे ९५ सेंटिमीटर होतो. अशी ७ मीटर लांब पिशवी घेतली की ५ घनमीटर होतात. आखूड व जाड पिशवीपेक्षा लांब व बारीक पिशवी चांगली, कारण आत गेलेला ताजा काला न कुजताच बाहेर पडण्याची शक्यता कमी होते.

मिश्रण टाकी

टाकी १५० लिटरची बांधा. तिचे तोंड पिशवीच्या निकास नळीच्या तोंडापेक्षा उंच हवेच, पण तळसुद्धा किमान एक फूट उंच ठेवा. पिशवीकडे जाणारे भोक तळाशी न ठेवता चार-पाच सेंटिमीटर वर ठेवा आणि त्याला लाकडी गुडदी बसवा. शेण व पाणी समप्रमाणात घेऊन गाठी मोडेपर्यंत कालवा. उभ्या दांड्याला दोन आडव्या फळ्या ठोकल्या की ढवळणी तयार होते. काडीकचरा जाळीने काढून घ्या. पाच मिनिटे थांबा, म्हणजे माती-रेती तळाशी बसेल. मग गुडदी एकदम काढा. सगळा काला जोराने आत गेला की पिशवीतही थोडी ढवळण होते. खाली उरलेली माती रोज खरडून बाहेर टाका.

काला फार पातळ झाला तर घन भाग तळाशी बसतो आणि फार घट्ट झाला तर पुढे सरकत नाही. साबणाचे किंवा फिनेलचे पाणी टाकीत जाऊ देऊ नका. त्याने जिवाणू मरतात. थंडीत बाहेर आलेली एक-दोन बादल्या स्लरी ताज्या काल्यात मिसळा. तिच्यातील जिवाणूंचा उपयोग होतो आणि पाणीही वाचते.

नळ्या आणि पिशवी

दोन्ही नळ्या चार इंची ठेवा. त्यांची आतली तोंडे पिशवीच्या निम्म्या उंचीच्या खाली, काल्यात बुडालेली हवीत, नाहीतर गॅस नळीवाटे निघून जाईल. निकास नळीचे बाहेरचे तोंड ज्या पातळीवर, तीच आतल्या काल्याची पातळी.

चर खणल्यावर दगड, मुळ्या काढून तळाशी मऊ मातीचा थर द्या. निकासाकडे किंचित उतार ठेवा. वर सावली करा, कारण उन्हाने पॉलिथिन लवकर ठिसूळ होते. भोवती कुंपण हवेच. शेळीचे एक खूरही पिशवी फाडायला पुरेसे आहे. आठवड्यातून एक-दोनदा रुंद फळीने पिशवी वरून हलकेच दाबून सोडा. त्यामुळे साय मोडते. टोकदार वस्तू वापरू नका आणि पिशवीवर पाय देऊ नका.

सुरक्षितता

गॅसच्या नळीला टी जोडून तिचे एक टोक पाण्याच्या बाटलीत आठ सेंटिमीटर बुडवा. दाब वाढला की जादा गॅस बुडबुड्यांवाटे निघून जातो. उन्हाळ्यात हे पाणी आटते, ते रोज पाहा. पहिल्या गॅसमध्ये हवा मिसळलेली असते. तो पेटवू नका, उघड्यावर सोडून द्या. गळती साबणाच्या फेसाने शोधा, काडी ओढून कधीही शोधू नका.

बंधू-भगिनींनो, पिशवी विकत मिळते, पण तिच्याआधीची टाकी आपल्यालाच बांधावी लागते. खर्च वाचवायचा म्हणून ती टाळू नका. मी टाळली होती आणि त्याची किंमत एका कुटुंबाला मोजावी लागली. दुसऱ्या खेपेला आम्ही आधी टाकी बांधली आणि मगच पिशवी आणली. तुम्हीही हाच क्रम ठेवा.