एका अक्षराचा फेर



पूर्वीं पुस्तक छापतांना खिळे जुळविणाऱ्याच्या हातून एखादें अक्षर चुकत असे. बहुधा तें वाचकाच्या ध्यानांतहि येत नसे. परंतु क्वचित् त्यामुळें अर्थाचा अनर्थ होई. मनुष्याच्या रक्तांतहि असेंच घडतें.

विदर्भांतील व नंदुरबार जिल्ह्यांतील अनेक कुटुंबांना परिचित असलेला सिकलसेल हा आनुवंशिक रोग याचें उदाहरण होय. प्राणवायु वाहून नेणारें जें हिमोग्लोबिन, त्याच्या बीटा नामक साखळींत १४६ दुवे असतात. जनुकांतील एकच अक्षर बदलल्यानें सहाव्या दुव्याच्या जागीं ग्लूटामिक आम्लाऐवजीं व्हॅलिन येतें. रुग्णांचें हिमोग्लोबिनच निराळें असतें, हें लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९४९ सालीं दाखविलें. पुढें व्हर्नन इन्ग्रॅम यांनीं नेमका दुवा शोधून काढला. प्राणवायु कमी पडतांच असें हिमोग्लोबिन एकमेकांस चिकटतें, तांबड्या पेशी विळ्यासारख्या वांकतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात व हाडें असह्य ठणकतात. पेशी लवकर फुटत असल्यानें अंगांतील रक्तहि कमी होतें.

मग दोष एकच असतां, एक भाऊ वारंवार अंथरुणास खिळतो आणि दुसरा शेतांत राबतो, हें कसें? गर्भावस्थेंत बालकाचें हिमोग्लोबिन निराळें असतें व जन्मानंतर तें बहुतेक ओसरतें. इतर जनुकांच्या प्रभावानें ज्यांच्या रक्तांत तें अधिक टिकतें, त्यांच्या पेशी सहसा कमी वांकतात. हायड्रॉक्सीयुरिया हें औषधहि मुख्यत्वें याच मार्गानें गुण देतें. शिवाय ताप, थंडी, शरीरांतील पाणी कमी होणें, यांनीं दुखणें उसळतें. तेव्हां धडधाकट भावाकडे बोट दाखवून दुसऱ्यास ढोंगी ठरविणें हा त्याच्यावर अन्याय होय.

सदोष जनुक आईबापांपैकीं एकाकडूनच मिळालें असेल, तर तो मनुष्य वाहक असतो. त्याला बहुधा कांहींच त्रास होत नाहीं. दोन वाहकांचा विवाह झाला, तर प्रत्येक गर्भाच्या वेळीं रोगाचा संभव चारांत एक असतो. पहिलें मूल रोगी निपजलें म्हणून पुढील तीन सुटलीं, असा हिशेब येथें चालत नाहीं. प्रत्येक खेपेस तोच संभव पुन्हा नव्यानें उभा राहतो.

प्रकृति उत्तम आहे एवढ्यावरून रक्त निर्दोष ठरत नाहीं. यासाठीं विवाह ठरविण्यापूर्वीं जेथें पत्रिका पाहतात, तेथें उभयतांचें रक्तहि तपासून घ्यावें.